सुकाणूच्या मागचा पत्रा

ता. ४ जानेवारी

चि. मुंगीस,

आजीचे आशीर्वाद. वि. वि. मी बरी आहे, गुडघे बरे नाहीत. त्यांचं ते बघतील.

तुझे आजोबा जाऊन सात आठवडे झाले. माणसं येतात, त्यांच्या खुर्चीत बसतात, सुस्कारे सोडतात, चहा पितात आणि जातात. कपबश्या विसळायला मी आहेच. रडायला सवड कुणाला आहे?

आता कामाचं. मागच्या खोलीतलं ह्यांचं लाकडी जहाज गोदीच्या कचेरीत काचेच्या पेटीत ठेवायचं, असं जुन्या सुतारांच्या मंडळाने ठरवलंय. एकतीस तारखेला न्यायला येणार. तो बोळका मुकादम परवा येऊन बघून गेला. बुडाला मारलेलं तांबं बघून म्हणाला, वहिनी, हे फारच चकाकतंय हो. मी म्हटलं, चकाकणार नाही तर काय, दर सोमवारी घासते.

तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. हे इस्पितळात होते तेव्हा घर खायला उठलं होतं. हाताला काम हवं म्हणून मागच्या खोलीत गेले, तर जहाजाचं बूड हे असं काळपट-हिरवं, शेवाळलेल्या मोरीसारखं! मला लाज वाटली. ज्याने चाळीस वर्षं खरी जहाजं नीट केली त्याचंच जहाज कळकट? लिंबू घेतलं, मीठ घेतलं, दात घासायचा ब्रश घेतला. नखाएवढे अकराशे पत्रे, एकेक करून घासले. घरी आल्यावर हे खोलीच्या दारातच थांबले. मग म्हणाले, छान झालंय. सेहेचाळीस वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माझ्या स्वयंपाकाला कधी मिळाला नाही, मला तर नाहीच नाही.

तू संग्रहालयात जुन्या धातूंची डागडुजी करतेस, तर एवढं सांग, ही चमक टिकावी म्हणून वरून काय लावू?

पोटातल्या पाहुण्याला जप. माझ्यावरचा लोभ जपून वापर, दुकानात मिळत नाही.

तुझी आजी


ता. ११ जानेवारी

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. मुकादमकाका आणि शेवाळलेली मोरी वाचून इतकी हसले की पाहुण्यानेही आतून लाथ मारली. डॉक्टरीणबाई अजून प्रवासाला नाहीच म्हणतात, नाहीतर मीच आले असते.

जहाजाला वरून काही लावू नकोस. आहे तसंच जाऊ दे. घासणंही आता पुरे कर, पत्रे फार पातळ असतात. मुकादमकाकांना काहीतरी बोलायची सवयच आहे, मनावर घेऊ नकोस. काचेत सुरेख दिसेल.

गुडघ्यांना शेक देत जा. माझं काही चुकलं असेल तर पोटात घालून लोभ ठेव.

तुझी,
मुंगी


ता. १९ जानेवारी

मुंगीस,

या खेपेला आशीर्वाद अर्धेच.

मंडळाने ह्यांची हत्यारंही मागितली, म्हणून खण उपसला. पॉलिशपेपरच्या गठ्ठ्याखाली तुझी चार पत्रं निघाली. ह्यांना लिहिलेली. तुला ठाऊक आहे मी चौथीतून शाळा सोडलेली. चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं, सगळी सकाळ त्यात गेली. पण वाचलं.

एकात तू लिहितेस, आबा, पाण्याच्या रेषेजवळचा हिरवा पत्रातसुद्धा काय उतरलाय, वाचूनच तीन वर्षं समुद्र बघून आलेलं जहाज वाटतं, आठ महिन्यांचं चीज झालं. आणि शेवटच्यात लिहितेस, आजीला नाही सांगणार, शपथ.

म्हणजे ती घाण नव्हती. ते काम होतं. रोज संध्याकाळी हे ब्रश घेऊन बसायचे तेव्हा मला वाटायचं, म्हातारा धूळ झटकतोय. आठ महिन्यांचं काम मी दोन लिंबांत धुतलं. आणि छान झालंय म्हणाले ते खोटं. त्या एका शब्दावर मी हे नऊ आठवडे काढले गं. दर सोमवारी घासत बसले, मूर्खासारखी.

तू आणि तुझे आजोबा, दोघांनी मिळून मला शेंडी लावलीत. तू तर वर सुरेख दिसेल म्हणून लिहितेस!

आता गोड बोलायचं नाही. दोन गोष्टी पाठव. ह्यांनी तुला काय लिहिलं होतं ते. आणि ते हिरवं कसं आणतात ते. बारा दिवस उरलेत. चमकतं जहाज मी या घरातून बाहेर जाऊ देणार नाही.

लोभाचं नंतर बघू.

आजी


ता. २३ जानेवारी

ती. आजीस,

सा. न. वि. वि. रागाव, हक्क आहे तुझा. मी दोनदा चुकले. एकदा आबांचं ऐकून आणि एकदा तुझं पत्र आल्यावरही गप्प बसून.

आबांचं पत्र सोबत घातलंय, ते आता तुझं. त्यांचं अक्षर शेवटी शेवटी फार कापत होतं, म्हणून तो भाग मोठ्या अक्षरात उतरवते. त्यांनी लिहिलंय: तिने जहाज घासून लख्ख केलं. बघितलं, आठ महिने गेले. तोंड उघडणार तेवढ्यात तिचे हात दिसले. लिंबामिठाने बोटं सोलवटली होती आणि ती पाठीमागे लपवत होती. छान झालंय म्हणालो. तिला यातलं काही कळू देऊ नकोस. दम परत आला की पुन्हा सुरू करीन.

आता कृती. आबांनी मीठ आणि व्हिनेगर लावून हळूहळू आणलं होतं. आपल्याकडे दिवस नाहीत, म्हणून अमोनिया. आधी स्पिरिटने पत्रे पुसायचे. हातात मोजे हवेतच, उघडं बोट लागलं तर ठसा उमटतो. मग मिठाच्या पाण्याचा पातळ हात. मोठ्या खोक्याच्या झाकणाला जहाजाच्या आकाराचं भोक पाड, म्हणजे बूड आत राहील आणि डोलकाठ्या बाहेर. आत वाटीत अमोनियाने भिजवलेला कापूस. खिडक्या सताड उघड्या ठेव आणि वाकून वास घेऊ नकोस. रोज एकदा बघायचं, हवा तो रंग आला की थांबायचं.

पण हवा तो रंग म्हणजे कोणता, हे मी सांगू शकत नाही. मी तो त्यांच्या पत्रांतूनच वाचला. त्यांनी फोटो कधी काढला नाही. त्यांचा हिरवा फक्त तू पाहिला आहेस.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

मुंगी


ता. ३१ जानेवारी

चि. मुंगीस,

आशीर्वाद, मागचे अर्धेही यात धर. वि. वि. जहाज आज सकाळी गेलं.

फक्त मी पाहिलाय म्हणालीस. पाहिलाय कसला! मी घाण पाहिली होती. घाणीचा रंग कोण ध्यानात ठेवतं? दोन दिवस खोकं आणि अमोनियाची बाटली समोर ठेवून नुसती बसले. मग म्हटलं, पुसून तरी घेऊ. पुसायला म्हणून सुकाणूची खीळ उपसली. त्या फटीत माझा ब्रश कधी शिरलाच नव्हता. मागे एक पत्रा होता. एकच. ह्यांचा. कडेला तपकिरी आणि वर येत येत हिरवा, पावसात राहिलेल्या जुन्या नळासारखा. तेव्हा मी आळस केला नसता तर तोही गेला असता.

त्यावर मेणकागद चिकटवला आणि उरलेलं खोक्यात सोडलं. चार दिवस रोज झाकण काढायचं, कागद उचलायचा, ताडून बघायचं. शेवटच्या दिवशी म्हटलं, बस. ह्यांच्यासारखं नाही झालं. ह्यांचं समुद्रातून आल्यासारखं होतं, माझं खोक्यातून आल्यासारखं. पण चार पावलांवरून कळत नाही.

एकदा मोज्यात खाज सुटली म्हणून काढला होता. डाव्या बाजूला अंगठा उमटलाय. मुकादमाने नेमका तिथेच चष्मा नेला, म्हणाला, हा डाग कसला? मी म्हटलं, कारागिराचा.

ह्यांचं पत्र दोनदा वाचलं. माझे हात दिसले म्हणे! हात बघून गप्प बसायला कुणी सांगितलं होतं? ओरडायचं होतं. आठ दिवस एकमेकांशी बोललो नसतो, त्यात नवीन काय? नवव्या दिवशी मी खोकं धरलं असतं, ह्यांनी ब्रश धरला असता. दम नव्हता तर मला होता. एक जहाज दोघांनी केलं असतं गं.

असो. टेबलावर जहाजाच्या लांबीएवढी जागा पुसल्यासारखी स्वच्छ राहिलीय, भोवताली धूळ. पुसायला घेतलं आणि सोडलं.

तांब्याची घागर तुझी पत्रं सापडल्यापासून घासलेली नाही. गळ्याशी काळी पडून आता हिरवी व्हायला लागलीय. शेजारीण म्हणाली, हात दुखतात का? मी हो म्हटलं.

तू गप्प बसलीस, ते पोटात घातलं. पुन्हा बसू नकोस. लोभ इथे आहे, येऊन घेऊन जा.

तुझी आजी