चौथ्याचा ‘हो’

११ नोव्हेंबर
आलो बुवा एकदाचा! बपेऱ्याच्या रस्त्यावरची मधुकररावांची राईस मिल. राहायला खोली, जेवायला नव्या तांदळाचा भात. मजा आहे आपली.
काम सोपं. मिल चालवणारी नवी चिप बसवायची. तिच्यात चार कोर, म्हणजे चार छोटे मेंदूच, चार मशीनवर एकेक. पहिला दुसऱ्याला विचारतो, दुसरा तिसऱ्याला. चौघांचा ‘हो’ आला की पट्टा फिरतो. गंमत म्हणजे इथली माणसंही तेच करतात. आपापल्या मशीनवरून ‘हो’ अशी हाक देतात. चौथा मंगरू, तांदळाला चकाकी देणाऱ्या पॉलिशरवरचा. तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. तो थुंकल्याशिवाय ‘हो’ निघत नाही. बाकीचे त्याला जाम चिडवतात.

१४ नोव्हेंबर
माझा चौथा कोरही मंगरूच निघाला! निरोपांच्या वाटेवर गर्दी होते, त्याचा ‘हो’ अडकतो, तोवर सगळी मिल ठप्प. मधुकरराव वैतागले. मी सरळ चिपमध्ये लिहून टाकलं: उत्तर आलं नाही, तर ‘हो’ समजा. पट्टा पळायला लागला. हाकाही बंद करवल्या.
मंगरूनं विचारलं, “साहेब, मी बोललोच नाही, त मशीनले काय समजन?”
मी हसलो.

१७ नोव्हेंबर
मंगरू गेला. बंद पट्ट्यातला कोंडा काढत होता. सेन्सरला आत हात दिसला म्हणून चौथा कोर गप्प राहिला. गप्प म्हणजे ‘हो’. आधी हात ओढला, मग खांदा, मग मान. तोंडात खर्रा, ओरडताही आलं नाही. तांदूळ लाल होऊन पुढे जात राहिला. त्याच्या बायकोला, बायजाबाईला, मी बिघाड झाला म्हणून सांगितलं. लाज वाटते स्वतःची.

१८ नोव्हेंबर
चिपमधली ती ‘हो समजा’ची ओळ खोडली. सकाळी पुन्हा होती.
चौथा कोर बंद केला. तरी पडद्यावर त्याचा ‘हो’ येतो. सगळ्यांत शेवटी. खर्रा थुंकण्याइतक्या उशिरानं.

१९ नोव्हेंबर
भर दुपारी पट्टा आपोआप— तिसऱ्या मशीनवरच्या तेजरामचा पंजा गेला. बोटं कोंड्यात सापडली. सगळे पळाले, मधुकररावही. उद्या वायरच कापतो.

२० नोव्हेंबर
डाव्या हातानं लिहितोय. वीज नव्हती, म्हणून पट्ट्यामागच्या वायरीसाठी हात घातला. क्षणभर वीज आली, पट्ट्यानं एकच झटका दिला, परत गेली. उजवा कोपरापर्यंत आत— हाड दिसतंय— हाका मारल्या, कुणीच—
वीज आली.
पहिला, हो. दुसरा, हो. तिसरा—
मी ‘नाही’ ओरडतोय. ‘नाही’ हा निरोपच मी चिपमध्ये ठेवला नाही—
चौथा गप्प. मागे कुणीतरी थुंकलं—