पितळी चकत्या

सोमवार, ३ मार्च
नोकरी लागली एकदाची! खाली कॅमेरा दुरुस्तीचं दुकान, वर राहायला खोली, खिडकीतून थेट टेकडीवरची पाण्याची टाकी दिसते. काम अगदी माझ्या आवडीचं. जुन्या, हाताने फिरवायच्या लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्यांवर बसवायच्या. मधे अडॅप्टरची कडी लागते. तिची जाडी केसभर चुकली की सगळं धूसर. पहिलं काम पसंत पडलं की कायम करतो, असं मालक म्हणाले. मग बायको आणि चिमी इकडेच राहायला येतील. लेकीशिवाय घर खायला उठतं.

बुधवार, ५ मार्च
पहिलीच लेन्स डोकं खातेय. काच स्वच्छ, कडी घट्ट, पण टाकी काही केल्या स्पष्ट होत नाही. फोकसची रिंग अनंताच्या, म्हणजे सगळ्यांत लांबच्या खुणेपर्यंत नेली तरी चार पावलांपलीकडे सगळं धुकं. कडी खोलली तर आत तीन पितळी चकत्या! माझ्या आधीचे कारागीर, ज्यांना सगळे भिंगकाका म्हणतात, त्यांचा हा प्रताप. चकत्या घातल्या की लेन्स पुढे सरकते आणि लांबचं दिसेनासं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. काढून खणात टाकल्या.

शुक्रवार, ७ मार्च
टाकी स्पष्ट झाली, शिडीसकट. पण आता रिंग खुणेच्याही पुढे जाते. अनंताच्या पलीकडे! तिथे काही स्पष्ट दिसूच शकत नाही. तरी पडद्यावर लाल रेघा. जे स्पष्ट असेल त्याच्याच कडा हा कॅमेरा लाल करतो. खांदे, लोंबते हात, उभा माणूस. फोटो काढला की त्यात नुसती टाकी. मालकांना दाखवलं, कॅमेरा बिघडलाय म्हटलं. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणाले.

शनिवार, ८ मार्च
कॅमेरा बदलला. सगळं पहिल्यापासून. आणि तोच बाप्या! आज बरोबर अनंताच्या खुणेवर, टाकीपाशी. इतका वैताग आलाय की लेन्स खिडकीबाहेर भिरकावून द्यावी. पण मग नोकरीही जाईल.

सोमवार, १० मार्च
आज तो रिंगच्या दहा मीटरच्या खुणेवर. खिडकीबाहेर दहा मीटरवर काय आहे? हवा! भिंगकाकांना फोन लावला. चकत्या काढल्या, म्हटलं. त्यांनी लगेच विचारलं, आता कुठे दिसतो. दहावर, म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. परत उचलत नाहीत.

मंगळवार, ११ मार्च
चकत्या परत घातल्या. टाकी गेली, झाडं गेली, समोरची गच्ची गेली. तो गेला नाही. दोन मीटर. चकत्या त्याला लांब ठेवत होत्या, आणि मी मूर्खाने — आता तो त्यांच्या अलीकडे आलाय.

बुधवार, १२ मार्च
बायकोला फोन केला. येऊ नका, म्हटलं. तिकिटं काढलीत, सामान बांधलंय, तुझं नेहमीचंच रडगाणं, म्हणाली. भांडलो. एक मीटर. म्हणजे खोलीत —

गुरुवार, १३ मार्च
अर्धा मीटर. त्याहून जवळचं या लेन्सला स्पष्ट दिसतच नाही. पडदाभर लाल. डोक्याची कड आहे. आत नाक नाही, डोळे — काहीच —

शुक्रवार, १४ मार्च
गेला! रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, कुठेच रेघ नाही. हुश्श! चकत्या पुन्हा काढल्या, टाकी स्पष्ट; काम पसंत पडलं, मालकांनी कायम केलं. दोघी पोचल्यासुद्धा. बायको डबे लावतेय. मी लिहितोय आणि चिमी पलंगावरून त्याच कॅमेऱ्याने माझे फोटो काढतेय. म्हणते, बाबा, पडद्यावर तू दिसतच नाहीस, मधे काहीतरी मोठ्ठं धूसर आलंय. लेन्सवर बोट असेल, म्हटलं. नाहीये, म्हणते. बघितलं. तिचे दोन्ही हात कॅमेऱ्याखालीच — समोर काहीच —
अर्ध्या मीटरच्या आतलं धूसर — गेला नव्हता, फक्त लेन्सच्या आणखी जवळ —
चिमे, ठेव तो खाली, ठे