बिनधुराचा कारखाना

वाराणसी, १२ जानेवारी

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं, आईला सांगा.

इथल्या रेशीम रंगवायच्या कारखान्यात आमच्या कंपनीने बसवलेला हीट पंप अखेर सुरू झाला. रंगाच्या सांडपाण्यात वाया जाणारी उष्णता खेचून तो नव्वद अंशांचं पाणी देतो. कोळसा लागतच नाही.

पण चिमणीतून धूर दिसेना, म्हणून व्यापाऱ्यांना वाटलं, कारखाना बंद पडला. मालकांनी काय करावं? आज नुसत्या धुरासाठी जुना बॉयलर पेटवला! मी कडाकडा भांडले, तर म्हणतात, "बिटिया, धुआँ तो दिखना चाहिए."

तुम्ही तीस वर्षं बॉयलरपुढे काढलीत, त्यांना काय सांगू?

तुमचा खोकला खरंच कमी आहे, की आई मला नुसतं तसं सांगते?

तुमची,
रुचा