आम्ही दोघी पाहुण्या

बाबा, काल मी पुन्हा गेटवेला गेले होते. डोक्यावर गोल टोपी, हातात भेळ. फोटोवाल्याने विचारलं, "आजी, कुठून आलात?" मी ठणकावून सांगितलं, "गावाहून!" जन्म लालबागचा, हाडं इथेच झिजली, तरी दरवर्षी मी हे सोंग करते. मुद्दाम. तुमच्या नाकावर टिच्चून.

गावाहून कुणीही आलं की मुंबई दाखवायचा मान तुमचा. राणीची बाग, हँगिंग गार्डन, म्युझियम, गेटवे. गिरणीची सुट्टी त्यातच जायची. डबे मात्र आई भरायची, पहाटे उठून घावणे आणि सुकी चटणी. एकदा तिने धीर करून विचारलं, "मी पण येऊ?" तुम्ही सगळ्यांसमोर हसलात. "अगो, तू काय पाहुणी आहेस? मुंबई आपलीच. ती काय पळून जातेय?" पाहुणे हसले. आईही हसली आणि डब्याचं झाकण कितीतरी वेळ दाबत राहिली. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, बाबा! लालबागचा बाजार आणि परळचं इस्पितळ, एवढीच मुंबई तिने पाहिली होती.

मग संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघाले आणि तुम्ही सगळ्यांच्या पुढे. "मुंबई आमची!" गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होतात. गॅलरीत उभी राहून मी मनात म्हणायची, कुणाची हो? तुमची एकट्याची! सत्याग्रहात तुम्हाला पकडून नेलं तेव्हा अख्खी चाळ रडली. मी नाही रडले. तिसऱ्या दिवशी आईला म्हटलं, "लुगडं बदल. आज आपण पाहुण्या." ती घाबरली. "हे आत असताना? लोक तोंडात शेण घालतील!" पण मी चौदा वर्षांची, हट्टी, तुमचीच पोर. घावण्यांचा डबा पिशवीत घातला आणि तिला ट्राममध्ये खिडकीपाशी बसवलं.

गेटवेचा समुद्र बघून तिने आधी हात जोडले. फोटो काढवून घेतला तेव्हा पदर दहादा सारखा केला. मग कठड्यावर बसून घावण्याचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "हे व्हये होते गो आज." तुम्ही हवे होतात म्हणे तिला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तुम्ही सुटून आलात, हार पडले, गुलाल उधळला. तिने तो फोटो तांदळाच्या डब्यात लपवला. पुढे ती गेली, आणि तुमच्या शेवटच्या आजारपणात तुम्ही मला विचारलंत, "तुझी आई माझ्यावर रागावलेली होती का गो?" गेटवेवरचं तिचं ते बोलणं माझ्या अगदी ओठांवर होतं. मी म्हटलं, "हो. शेवटपर्यंत." तुम्ही भिंतीकडे कूस वळवलीत. मला बरं वाटलं, बाबा. खोटं कशाला बोलू, अजून वाटतं.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच. तिच्या फोटोमागे ठेवून देते. फक्त एक राहिलं. काल फोटोवाल्याने पुढे विचारलं, "एकट्याच आलात?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही, आमचे बाबा दाखवतायत मुंबई."