पोवळ्याला झालेली पिल्लं

तीर्थरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (हा नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही. माशांच्या टाकीखालचं खारं पाणी पुसताना रोज दोनदा आठही अंगं जमिनीला लागतात, त्यातला एक तुमच्या नावाने.) वहिनींचा गुडघा आता कसा आहे? तुमची अक्कलदाढ दुखते असं कळलं. मला दाखवल्याशिवाय ती कुणाला काढू देऊ नका. तुमच्या सहा फुटी टाकीतली मंडळी सुखरूप असतीलच. असतील ना? असू देत. त्यावर पुढे येतोच.

दादा, बातमी अशी आहे की आम्ही जिंकत आलो आहोत! पण सुरुवातीपासून सांगतो. बाबांचं जिवंत पोवळं आमच्या टाकीत येऊन आठ महिने झाले. मेंदूसारख्या वळ्यांचं, हिरव्या काठाचं, बशीएवढं ते प्रकरण तुम्हाला मी काय वर्णन करून सांगणार! घड्याळं दुरुस्त करून उरलेला सगळा जीव बाबांनी बावीस वर्षं त्याच्यात ओतला आणि जाताना ते धाकट्या लेकीच्या, म्हणजे हिच्या, हवाली केलं. सोबत त्यांची टाकीची वही दिली, ती हिच्या कपाटात आहे. मी ती मागितली नाही. कुठला दात किडलाय हे मी माणसाच्या नुसत्या चेहऱ्यावरून ओळखतो, मला पोवळी ओळखायला वही कशाला, असं जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो. (बोलताना तुम्हीही समोर होता. तुम्ही हसला नाहीत, हे माझ्या लक्षात आहे.)

तीन महिन्यांपूर्वी पोवळ्याच्या पायथ्याशी तीन नाजूक फुलं दिसली. तपकिरी, काचेसारखी आरपार, डोक्यावर मिशांचा झुबका. मी टॉर्च आणि दात बघायचा आरसा घेऊन अर्धा तास तपासणी केली आणि निदान केलं की पोवळ्याला पिल्लं झाली! हिला हाक मारली. ती काचेला नाक लावून बघत राहिली, म्हणाली, "बाबा असते तर केवढे खूश झाले असते," आणि रडायला लागली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण माझ्या एखाद्या निदानावर ही आनंदाने रडल्याचं हे पहिलंच उदाहरण.

मग काय, मी कौतुकात कमी पडलो नाही. कोळंबीचे कण सिरिंजमध्ये भरून एकेकाच्या तोंडाशी न्यायचो. खायची तरी किती! तिनाची अकरा झाली. क्लिनिकमध्ये मी खुर्चीतल्या प्रत्येकाला फोटो दाखवले (तोंडात कापूस असल्यामुळे कुणाला नको म्हणता आलं नाही). इकडे मोठं पोवळं मात्र आकसायला लागलं. मी म्हटलं, बाळंतपणाचा अशक्तपणा असेल. पाण्याचा खारेपणा मोजला, उष्णता मोजली, दिवा वर घेतला, झोताची दिशा बदलली. सगळं जागच्या जागी, आणि तरी एका कडेचं मांस ओसरून पांढरा सांगाडा दिसू लागला. हिरडी अशी ओसरलेली मला कळते, दादा. त्या दिवशी मी घाबरलो.

फोटो घेऊन शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "डॉक्टर, यांना खायला कोण घालतं?" मी अभिमानाने म्हटलं, मी. "मग आजपासून बंद करा. ही पिल्लं नाहीत, हे तण आहे. समुद्रफुलाची जात आहे ही, शेजाऱ्याला डंख मारून जागा बळकावते." म्हणजे दोन महिने मी बाबांच्या पोवळ्याच्या मारेकऱ्यांना हाताने कोळंबी भरवत होतो!

तो पुढेही काही सांगत होता, पण मी ऐकायला थांबलो नाही. घरी आलो, चिमटा घेतला आणि अकराच्या अकरा उपटली. चोवीस वर्षं दात उपटतोय, हात सराईत आहे. आठवड्याने मोजली तर चव्वेचाळीस! दुकानदार पुढे सांगत होता ते हेच, की उपटू नका, मागे राहिलेल्या कणाकणातून नवं उगवतं. (मूळ आत राहिलं तर काय होतं, यावर मी रोज दहा माणसांना व्याख्यान देतो.) हिने ती गर्दी पाहिली आणि म्हणाली, "बाबांचा वंश वाढला हो!" मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण आता ऐका! मान खाली घालून परत दुकानात गेलो, तेव्हा तो म्हणाला, यांच्या तोंडात चुन्याची पेस्ट टोचायची. कुठला चुना, माहीत आहे? रूट कॅनॉल करताना मी दाताच्या मुळात भरतो, तोच! बरणीभर शुद्ध भुकटी माझ्याच कपाटात! मी त्याला भर दुकानात मिठी मारली. रोज पाचच, जास्त टोचलं तर पाणी बिघडतं. पंप बंद करायचा, बारीक सुईने एक थेंब तोंडाशी न्यायचा. ते हावरटासारखं गिळतं (सवय माझीच) आणि मिटतं. नऊ दिवसांत सगळी साफ! आणि काल दुपारी दोन रुग्णांच्या मधे धावत घरी येऊन बघतो, तर आकसलेली कड किंचित फुगलेली, हिरवीगार! मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला वर आल्या.

हिला मात्र यातलं काही माहीत नाही. पिल्लं कुठे गेली असं रोज विचारते, मी "मोठी झाली की जातात" असं मोघम काहीतरी सांगतो. ती रागावेल याची भीती नाही, त्याची सवय आहे. तिला बाबा पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटेल, ते मला बघवणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद.

तुमचा,
दात काढणारा मेहुणा

ता. क. दीड महिन्यापूर्वी तुमच्या धाकट्या मुलीबरोबर मी एक बरणी पाठवली होती, 'बाबांच्या पोवळ्याचं पिल्लू' अशी चिठ्ठी लावून. ती उघडली नसेल तर उघडू नका. उघडली असेल तर टाकीत सोडू नका. सोडलं असेल तर खायला घालू नका. घातलं असेल तर, दादा, हात जोडतो, उपटू नका. सोबत पांढरी पुडी आणि सिरिंज ठेवली आहे. (फोन करत नाही, कारण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि वहिनी पाच मिनिटांत हिला कळवतात.)

ता. क. २. घरातला सगळा गोंद पोवळ्याचा दगड बसवण्यात संपला, म्हणून पाकीट उघडंच टेबलावर ठेवून गोंद आणायला जातोय. काळजी नको, ही सहाच्या आत येत नाही.

ता. क. ३. दादा, आज मी चारलाच आले. सगळं वाचलं. आधी रडले, मग हसून हसून खाली बसले. बाबांची वही काढली. त्यांनी लिहिलंय: "दगडावर तपकिरी फूल आलं. बोलावलं नव्हतं. मधोमध बसतं, भरपूर खातं, शेजाऱ्याला टोचतं, घालवायला जावं तर आणखी पसरतं. नाव ठेवलं, जावई. (लेकीसमोर बोलू नये.)" आणि खाली दुसऱ्या शाईत: "मी आजारी होतो तेव्हा टाकीचं पाणी जावयाने बदललं. कुणाला सांगितलं नाही. माणूस चांगला आहे." पोवळं आत्ताच बघितलं, पूर्ण फुललंय, बाबांच्या घरी फुलायचं तसं. यांना मी काही बोलणार नाही, अजून आठवडाभर पिल्लांची चौकशी करत राहणार आहे. तुझ्याकडे बरणीतून आलेला जावई तू सुईने घालव. माझा मी ठेवून घेते.