परत न गेलेली वाटी

आदरणीय ज्येष्ठ साडूभाऊंच्या सेवेशी कनिष्ठ साडूचा साष्टांग नमस्कार (आठही अंगे हल्ली एका वेळी उपलब्ध नसतात, जी हजर आहेत त्यांचा स्वीकार व्हावा).

आपले गुडघे, अक्कांचा खोकला आणि आपण गच्चीत लावलेला भोपळा हे तिघेही आपापल्या मार्गाने प्रगतिपथावर असतील, असे गृहीत धरतो. आम्ही उभयता परदेशगमन आटोपून गेल्या मंगळवारी स्वगृही परतलो. प्रकृती ठीक आहे. गेलो त्याहून मी थोडा अधिक परत आलो, इतकेच. परंतु घरात सांप्रत एका वाटीवरून पेचप्रसंग उद्भवला असून, त्याचे निवारण टपाल खात्यात एकतीस वर्षे सेवा केलेल्या आपल्यासारख्या अधिकारी पुरुषाकडूनच संभवते. सबब वृत्तांत मुळापासून निवेदन करतो.

तिकडे आमच्या मुक्कामाच्या खोलीखाली, गल्लीच्या तोंडाशी, एक बाई हातगाडी लावीत असे. पिठाचे सुपारीएवढे गोळे तळून त्यांवर ऊन पाक ओतण्याची तिची क्रिया मी पहिल्याच संध्याकाळी, केवळ अभ्यासकाच्या भूमिकेतून, पाऊण तास अवलोकिली. (डॉक्टरांनी मला गोड वर्ज्य केले आहे, हे खरे, परंतु वर्ज्य करताना त्यांनी परदेशाचा स्पष्ट उल्लेख केला नव्हता.) अखेर आपल्या मेहुणीस, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीस, माझी दया आली. वास्तविक परमुलखात अन्नान्नदशा होईल या भयाने ती घरून वड्यांचे तीन डबे घेऊन निघाली होती. विमानतळावरच्या तपासनिसाने ती पिशवी दोनदा उघडली आणि दोन्ही वेळा आदराने बंद केली. रस्त्यात उभ्याने खाणे तिला मान्य नाही, आणि गाडीवरचे कागदी द्रोण तर संपलेले. तेव्हा त्या बाईने स्वतःच्या जेवणाची, निळ्या काठाची चिनी मातीची वाटी भरून दिली व नंतर आणून द्या, अशी खूण केली. अनर्थाचे बीजारोपण झाले ते येथे.

आपण दोघे ज्या घराचे जावई आहोत, त्या घरात आलेले भांडे रिकामे परत धाडणे हे महापातकांत गणले जाते, हे आपणास सांगणे न लगे. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी घासूनपुसून, तीत चार वड्या मांडून आपली मेहुणी खाली निघाली. मी म्हटले, "अगं, ती विक्रेती आहे, शेजारीण नव्हे." त्यावर, "खोलीच्या खालीच आहे ना? मग शेजारीणच झाली," असा निकाल मिळाला. गाडीवालीने एक वडी तोंडात टाकली, क्षणभर डोळे मिटले, आणि वाटी काठोकाठ भरून परत दिली. पैसे घेईना. तिच्याही माहेरी आपल्या सासूबाईंसारखीच कोणी विभूती होऊन गेली असावी. त्या क्षणापासून दोन्ही पक्षांना माघारीचा मार्ग उरला नाही.

सकाळी वड्या घेऊन वाटी खाली, संध्याकाळी पाकात बुडून वाटी वर, असे दळणवळण सुरू झाले. वस्तुसंग्रहालय राहिले, नौकाविहार राहिला. वर आलेली वाटी रिकामी करण्याचे कार्य मी निष्काम बुद्धीने पार पाडीत होतो. (आपली मेहुणी त्यातले दोनच गोळे घेई, आणि तेही मला कमी जावेत म्हणून.) पाचव्या दिवशी वड्या संपल्या. तिने वाटीत सुई आणि दोऱ्याचे रीळ ठेवले. मला संकोच वाटला. परंतु त्या बाईच्या एप्रनचा खिसा उसवलेला होता, हे मला पाच दिवसांत दिसले नव्हते. आपली मेहुणी गाडीशेजारच्या उपड्या खोक्यावर बसली आणि तिने खिसा शिवायला घेतला. "अगं, केवढं उसवलंय हे. घरात कोणी बघत नाही का तुझ्याकडे?" हे शुद्ध मराठीत. बाईने स्वभाषेत सविस्तर उत्तर दिले आणि माझ्याकडे बोट केले. "ह्यांचं काय विचारतेस? ह्यांना साधं बटण लावता येत नाही." यावर दोघी इतक्या हसल्या, की गोळ्यांचा एक घाणा करपला.

साडूभाऊ, कन्येचे लग्न झाल्यापासून आमच्या घरातले संभाषण मुख्यत्वे दूधवाल्याशी होते. ही अजून तासभर बोलू शकते, हे ज्ञान मला परदेशात झाले. (हा कंस विनोदासाठी नाही.)

सातव्या दिवशी सकाळी टॅक्सी वेळेपूर्वी उपस्थित झाली. त्या धांदलीत वाटी द्यायची राहिली, आणि घरी सामान उघडताच माझ्या स्वेटरात गुंडाळलेली निघाली. तेव्हापासून, "तिची जेवायची वाटी मी घेऊन आले," हे वाक्य मला रोज चहासोबत मिळते. आता हिने खोका, कापूस व सुतळी जमवली असून, वाटी वड्यांनी भरून टपालाने रवाना करण्याचा निश्चय केला आहे. पत्ता म्हणून 'गल्लीच्या तोंडाशी, पाकवाली बाई' एवढेच योजिले आहे.

अक्कांना नमस्कार. भोपळ्यास आशीर्वाद.

आपला वर्धमान,
कनिष्ठ साडू

ता. क. : आपला शब्द आपली मेहुणी मोडीत नाही. आपण तिला खात्याच्या अधिकारवाणीने इतकेच लिहावे, की चिनी मातीची वस्तू टपालात टिकत नाही. ती जातीने नेऊन द्यावी लागते. हे असत्य असल्यास ते पाप माझे.

पुनश्च ता. क. : वाटीबाबत धांदलीचे कारण मी वर दिले आहे, ते खोडावे. बॅगेस कुलूप लावताना स्वेटरातून डोकावणारी वाटी मला दिसली होती. बाई खाली शेगडी पेटवीत होती. नेऊन देण्यास दोन मिनिटे पुरली असती. मी कुलूप लावले.

भावोजी, पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडे आलं, म्हणून ह्या दोन ओळी. खोका आणि सुतळी ह्यांना दिसावी म्हणून मांडून ठेवली आहे. वाटी ह्यांच्या स्वेटरात मीच गुंडाळली होती. ह्यांना सांगू नका. तुम्ही लिहाल ते जरा कडक लिहा, म्हणजे हे विमानाची तिकिटं लवकर काढतील.