पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंतचा आलेख

३ फेब्रुवारी, दुपार
...आणि रेघ पंचेचाळिसाव्या वर्षाशी थांबवली. पुढचे आकडे गाळले. ते अपवादात्मक आहेत. आता आलेख सरळ वर चढतो.

प्रश्न साधा आहे. लेकीला, दानबीला, इथे सुवनमध्येच सॉफ्टवेअरच्या पदवीला प्रवेश मिळाला. चार वर्षांची फी तीन कोटी साठ लाख वॉन, सगळी कर्जाने. नोकरीच्या पहिल्या वर्षाचा पगार चार कोटी. म्हणजे कर्ज वर्षात फिटतं. (जेवण धरलेलं नाही. ती घरीच जेवेल.) पुढचे पगार कुठून आणायचे? माझेच घेतले. एकोणीस वर्षं प्रोग्रॅमर होतो. नमुन्यात माणूस एकच, पण खात्रीचा.

फी भरून जागा पक्की करायची मुदत ११ तारीख, दुपारी चार. भरपूर वेळ आहे.

४ फेब्रुवारी
प्रवेशपरीक्षा संपली की मुली केस रंगवतात. आमची महिन्याभरापासून वॉलपेपर लावणाऱ्या टोळीत जाते. पहाटे निघते. रोजचे नव्वद हजार. आज म्हणाली, बाबा, मुकादमबाई म्हणतात माझा हात सरळ आहे. मी म्हटलं, सरळ हात म्हणजे करिअर नव्हे. वाक्य चांगलं झालं.

छंदाचा विचार आलेखात केलेला नाही.

५ फेब्रुवारी
दानबीला सुट्टी. दुकान उघडण्याआधी आलेख टेबलावर मांडला. बायको शेजारी कोंबड्या कापत होती.

दानबीने बराच वेळ पाहिला. मग विचारलं, पंचेचाळीसनंतर रेघ कुठे गेली? माणूस वारला का?

वारला नाही, बायको म्हणाली, चिकन तळतोय.

मी समजावलं. कंपनीने मला सन्मानाने मोकळं केलं. दुकान हा धंदा, त्याचा रकाना वेगळा. दानबी म्हणाली, दाखवा तो. मी म्हटलं, माहिती अजून येतेय. बायको म्हणाली, पाच वर्षं येतेय.

दोघी खूप हसल्या. एकूण वातावरण अनुकूल.

७ फेब्रुवारी
बांग सोकजूला मुद्दाम बोलावलं. कंपनीत माझ्या हाताखाली होता, अजून तिथेच आहे. वय त्रेचाळीस. या क्षेत्राबद्दल दानबीला त्याच्या तोंडून ऐकू दे, हा बेत.

अर्धी कोंबडी खाल्ल्यावर म्हणाला, सर, हे तळायचं मशीन कितीला पडलं? तेल किती दिवसांनी बदलता? कुतूहल हा चांगल्या प्रोग्रॅमरचा गुण. पुढे म्हणाला, मार्चअखेर मलाही मोकळं करतायत. या गल्लीत आणखी एक दुकान चालेल का?

दानबी मुळ्याच्या फोडी ठेवायला आली होती. ठेवून गेली.

तो गेल्यावर बायको म्हणाली, घ्या, नमुना दुप्पट झाला.

सोकजूही अपवाद आहे. अपवाद दोन झाले तरी नियम नियमच राहतो.

९ फेब्रुवारी
दानबीने स्वतःचा हिशोब आणून दिला, वॉलपेपरच्या तुकड्यामागे लिहिलेला. तपासला. बेरीज बरोबर, गृहीतकं चुकीची. तिने नोकरी शोधण्यात जाणारं वर्ष धरलंय, व्याज धरलंय, आजारपण धरलंय, पंचेचाळीसनंतरची वर्षंही धरलीत. एवढं सगळं धरलं तर कोणाचीच रेघ वर जाणार नाही.

म्हणाली, मुदतीच्या आत सांगते, बाबा.

म्हणजे होकार.

११ फेब्रुवारी, सकाळी १०
कर्जाचा अर्ज विद्यार्थ्यानेच ऑनलाइन, आपल्या खात्यातून करायचा असतो. दानबी कामावर. फोन केला. म्हणाली, शिडीवर आहे, ठेवा. तिला कशाला त्रास? मीच भरून टाकतो.

१०:४०
पासवर्ड तिचा वाढदिवस नाही.

१०:५०
माझाही नाही. आश्चर्य वाटलं.

११:०५
पाच चुका झाल्या. खातं चोवीस तासांसाठी बंद. असाच नियम आमच्या टीमने एका बँकेसाठी लिहिला होता. मजबूत नियम आहे. मदतीच्या नंबरवरच्या बाईंना सांगितलं, वडील आहे, मुदत आज आहे. त्या म्हणाल्या, वडिलांसाठीच तर हा नियम आहे, साहेब. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे.

घाबरण्यासारखं काही नाही. ती बहुधा नाहीच म्हणणार होती.

३:१०
दानबी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. केसांत खळ. म्हणाली, ठरलं, जाते कॉलेजला. मी म्हटलं, आलेख पटला ना? म्हणाली, तुमची रेघ खोटी आहे, बाबा. हिशोबाने तोटाच येतो, चार वेळा करून पाहिला. पण मला ते शिकायचंय.

आणि कॉम्प्युटरपुढे बसली. मी कोंबड्यांना मीठ लावायला आत गेलो.

३:१५
दानबीने आतपर्यंत ऐकू येईल असं विचारलं, हे कोणी केलं?

मी म्हटलं, शेवटच्या दिवशी सिस्टिमवर ताण येतो.

बायको फक्त म्हणाली, दानबीचे बाबा.

३:४०
बायकोने तिघांची बँकेतली खाती पाहिली. दानबीच्या खात्यात सर्वांत जास्त होते. सगळे मिळून पहिल्या सहामाहीच्या फीला अकरा लाख कमी. उसने मागायला मी सोकजूला फोन केला. म्हणाला, सर, मीच तुम्हाला करणार होतो.

४:००
मुदत संपली. जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला गेली असणार. दानबी कॉम्प्युटर बंद न करताच उठली. मी बंद केला.

१२ फेब्रुवारी
सकाळी पावणेसहाला दानबी कामावर गेली. अकरा वाजून पाच मिनिटांनी खातं आपोआप उघडलं.